टाळ्या नाही, सत्कार!

मंडळी, आत्ताच घरी आली आणि डोकं अजून तापून आहे.

आज आपल्या नागपुरात जर्मनीहून चौघं व्हायोलिन-चेलो वाजवाले आले होते. आयोजक वामनकाकाले मी आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, रचना एकच, पण भाग चार. मधात ते थांबतात. त्यांच्याकडे लोक तेव्हा खोकलाही दाबून धरतात. टाळ्या नका वाजवू."

पहिला भाग संपला. चौघं डोळे मिटून थांबले. आणि काका माइक घेऊन स्टेजवर! शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण. चेलोवाल्या बाईच्या एका हातात वाजवाचा गज, दुसऱ्या हातात नारळ.

मी धावत गेली. "काका, सांगितलं होतं ना!"

"टाळ्या कुठं वाजवल्या वं? सत्कारच तर केला!"

सत्कार झाला म्हणजे कार्यक्रम संपला, हे आपल्या लोकांले पाठच आहे. पाहुणे उठले, त्यांच्यामागं अर्धा हॉल उठला. उरलेले तीन भाग त्या चौघांनी अर्ध्या रिकाम्या हॉलपुढं वाजवले.

निघताना त्या बाईनं नारळ छातीशी धरून मले हळूच विचारलं, "आम्ही इतकं वाईट वाजवलं का?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगाचं होतं मी तिले?