भिंगारच्या पत्र्याला पाचटाची टोपी

दापोलीहून एसटीत बसले तेव्हाच मी ठरवलं होतं, आठ दिवसांत खोली राहण्याजोगी करून दाखवायची. माझा मुलगा मंदार नगरला लागून असलेल्या भिंगारला कारकून म्हणून नव्याने लागला होता. त्याची बायको केतकी सात महिन्यांच्या ओवीला घेऊन पनवेलला माहेरी होती, आणि आमच्या विहीणबाईंनी फोनवर साफ सांगितलं होतं, "पत्र्याच्या भट्टीत मी नात पाठवायची नाही. आधी येऊन खोली बघेन, मग ठरवीन." स्लॅबची खोली मंदारच्या पगारात बसत नव्हती. एसी लावला तर विजेचं बिल भरून खायला काही उरलं नसतं. म्हणजे खोली नापास झाली की नवरा इथे आणि बायको-मुलगी तिथे, हे नक्की.

पुण्याहून पुढच्या गाडीवर पाटी अहिल्यानगरची होती, कंडक्टर मात्र "चला नगर, नगर" असंच ओरडत होता. शिरूर मागे पडल्यावर खिडकीतून येणारा वारा चटके देऊ लागला. आमच्या कोकणात मे महिन्यात माणूस घामाने निथळतो. इथे घाम दिसायच्या आत वाळतो आणि ओठ फुटतात. मी पदर डोक्यावरून घेतला तो नगर येईपर्यंत काढला नाही.

खोली वरच्या मजल्यावर होती. खाली घरमालकीण शकीलाभाभी राहायच्या, शिवणकाम करायच्या. दुपारी दोन वाजता मी भिंतीला टेकायला गेले आणि चटकन उठले. विहीणबाई अगदीच चुकीचं बोलल्या नव्हत्या, हे मनात आलं, पण ते मी मंदारला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या आत बाजार उरकला. इथे शहाणी माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत. नारळाचा भाव ऐकून मी हात जोडले. आमटीला शेंगदाण्याचं कूट चालतं आणि ते स्वस्त पडतं. भाजीवालीने आपणहून सांगितलं, "मावशी, मेथी आत्ता नगा घिऊ. सांजच्याला या, सस्तात दीन." माठ वाजवून, खणखणीत बघून घेतला आणि घरी ओल्या वाळूवर ठेवला. पाणी असं गार झालं की फ्रिजची आठवण कुणी काढली नाही. ज्वारीची भाकरी, ताक आणि कांदा, दुपारी एवढंच. मासळीवाचून माझा घास अडतो असं मला वाटत होतं, ते काही खरं नव्हतं.

मग जुन्या बाजारातून एक वापरलेला कूलर आणला. कोकणात कूलर कुणी घेत नाही, हवाच इतकी दमट की त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे ते यंत्र मला नवीनच होतं. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी दार लावलं, खिडक्या लावल्या, फटीत चिंध्या कोंबल्या आणि कूलर सोडला. अर्ध्या तासात खोलीचं न्हाणीघर झालं. अंथरूण दमट, माणसं चिकट, वर उकाडा होताच.

मंदार घाम पुसत म्हणाला, "आई, जाऊ दे. केतकीला कळवतो, येऊ नको म्हणून."

त्याचा पडलेला चेहरा बघून मला रडू आलं आणि रागही आला. तेवढ्यात शकीलाभाभी भांडं परत द्यायला वर आल्या. दार उघडताच हसत सुटल्या.

"अवो ताई, हे काय? कूलर म्हंजी एसी न्हाई. त्याला खिडकीत पाठ बाहेर करून बसवा, कोरडं वारं वढू द्या त्याला. आन् समोरची खिडकी सताड उघडी टाका. आलेलं वारं गेलं पायजे!"

चिंध्या काढल्या, कूलर खिडकीबाहेर लोखंडी अँगलवर बसवला, समोरची खिडकी उघडली. दहा मिनिटांत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घेऊन कोरडी गार झुळूक अंगावरून गेली. आमच्या सगळ्या हुशारीवर पाणी पडलं होतं, पण मला ते आनंदाने मान्य होतं.

तरी दोन ते चार पत्रा वरून आग ओकतच होता. त्यावर भाभींकडे उपाय तयार. "माझं माहेर बेलापूर, मुंबईकडलं न्हाई, हितलं नगर जिल्ह्यातलं. तिथं पाचट (उसाची वाळलेली पानं) लई. त्याचा जाड थर पत्र्यावर टाकला का ऊन खाली उतरत न्हाई."

रविवारी मी, मंदार आणि भाभी असे तिघं बेलापूरला गेलो. भाभींचे भाऊ रफीकभाई ऊस तुटून गेलेल्या रानात उभे होते. "न्या की ताई," ते म्हणाले, "पन सगळं न्हाई देनार. खोडव्याला (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) झाकायला लागतं, न्हाईतर पानी उडून जातं." पैसे विचारले तर रागावलेच. "लेकराच्या डोक्यावर सावली करायची आन् पैसं घ्यायचं व्हय?"

टेम्पोत भारे भरले. राहुरीजवळ वाऱ्याने एक भारा सुटला आणि रस्ताभर पानंच पानं झाली. मागचा मोटारसायकलवाला ओरडला, मग स्वतःच उतरून आमच्याबरोबर गोळा करू लागला. संध्याकाळी पत्र्यावर वीतभर थर, वरून जाळी, दोरी आणि दगड. भाभींनी सगळ्या आळीला बजावलं, "वर कुनी बिडी वढायला जायचं न्हाई!"

आठव्या दिवशी विहीणबाई, केतकी आणि ओवी आल्या. विहीणबाई मुद्दाम भर दुपारी आल्या होत्या. त्यांनी भिंतीला हात लावला. पत्र्याकडे पाहिलं. माठातलं पाणी प्यायल्या. ओवी सतरंजीवर पालथी पडून हसत होती. "जरा पाठ टेकते," म्हणून विहीणबाई आडव्या झाल्या आणि साडेचारपर्यंत घोरल्या! जिंकले मी! मंदारने तोंडावर हात धरून हसू दाबलं, आणि केतकीने कपड्यांची बॅग उघडून कपाट लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विहिणी एकाच गाडीने परत निघालो. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकं कशाला मनावर घेतलंत हो?" तेव्हा मी त्यांना सांगितलं. माझे यजमान मुंबईला गिरणीत होते. त्यांची खोली बायकोमुलांच्या लायकीची नाही, असं घरात ठरलं. मी हर्णैला राहिले, आणि मंदारला त्याचे वडील गणपतीला आणि शिमग्याला भेटत गेले, तो दहावी होईपर्यंत. ती खोली बघायला कधी कुणी गेलंच नाही.

विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि पुणे येईपर्यंत सोडला नाही.