कितव्या वेताची?

गुरांच्या बाजारात एकच प्रश्न पाच वेळा विचारणारा माणूस खुळा नसतो. तो समोरच्याला थकवत असतो. चौथ्या-पाचव्या खेपेला मालकाची जीभ घसरते, आणि जीभ घसरली की भावही घसरतो. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. थोरल्या भावाला, दादाला, कॉलेज मिळालं आणि मला कासरा. शेवगावच्या बाजारात दुसऱ्यांची जनावरं धरून उभा राहता राहता मी ती उचलली. म्हणूनच त्या दुपारी चूक झाली ती माझ्याकडून. शहाण्या माणसाकडून झाली नसती.

दादाला घरच्या दुधासाठी म्हैस हवी होती. मी ठरवून दिली. दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदाच व्यालेली आहे, असं आदल्या दिवशीच त्याला म्हणालो होतो. होती तिसऱ्या वेताची. खोटं का बोललो? त्याच बाजारात मागे एकदा दहा माणसांसमोर दादा म्हणाला होता, "आमच्या धाकल्याच्या शब्दावर जाऊ नका, दात मोजून घ्या." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या घशात अडकलंय.

म्हैस पिकअपमध्ये चढवताना तिने हिसका दिला. दादा कासऱ्यासकट ओढला गेला आणि डोकं वरच्या लोखंडी पाइपवर आपटलं. आवाज मोठा नव्हता. तो मटकन खाली बसला, क्षणभर त्याची नजर कुठंच नव्हती, मग उठला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. चहावाला म्हणाला, "रगत न्हाई ना? मग काय हुत न्हाई. कडक च्या पाजा."

चहाचा घोट घेऊन दादाने विचारलं, "म्हैस कितव्या वेताची हाय रं?"

"दुसऱ्या. सांगितलं की."

त्याने कप ठेवला. "म्हैस कितव्या वेताची हाय रं?"

कुणीतरी याचे कान फुंकले, मला वाटलं. तिसऱ्यांदाही तोच आवाज, तोच हेल. चहावाला दात काढत म्हणाला, "दादा आज गिऱ्हाईक झाल्यात. धाकल्याला घाम फोडत्यात."

चौथ्यांदा विचारलं आणि मी कप आपटला. "तिसऱ्या! तिसऱ्या वेताची हाय! खोटं बोललो मी. झालं समाधान? जा, सांग समद्या बाजाराला!"

चहावाल्याचं हसू मावळलं. दादा माझ्याकडे बघत राहिला. शांतपणे, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसा. मग म्हणाला, "म्हैस कितव्या वेताची हाय रं?"

हाती लागलेली चोरी कुठलाही माणूस अशी सोडून देत नाही. हा मला थकवत नव्हता. मी बोललेलं त्याच्या डोक्यात राहतच नव्हतं.

तो मोटारसायकलची किल्ली चाचपू लागला. मी ती काढून घेतली. मग त्याला उलटी झाली. एक जीप थांबवून त्याला आडवं केलं आणि मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसलो. लहानपणानंतर त्याच्या डोक्याला माझा हात लागला तो तेव्हाच.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून डोळे पाहिले आणि लगेच नगरला पाठवायचं ठरवलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या मला झापत होत्या. "रक्त बाहेर आलं नाही म्हणजे आत सगळं ठीक, असं कुणी सांगितलं? डोकं आपटल्यावर माणूस तेच तेच विचारतोय, गोंधळलाय, उलटी होतेय, नीट जागा होत नाही, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसतेय. यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना. चहापाणी नाही, गाडी हातात देणं नाही, एकटं सोडणं नाही. किती वेळ घालवलात?"

मी सांगितलं नाही. एका चहाएवढा आणि एका भांडणाएवढा.

मेंदूत थोडं रक्त साकळलं होतं. दादा वाचला. पण घरून निघाल्यापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंतचा तो दिवस त्याच्याकडे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो म्हैस दाखवतो, "धाकल्यानं दिली. दुसऱ्या वेताची. लई गुणाची." आता माणसांत तो मला खरा म्हणतो. त्या चहावाल्याकडे मी चहा पीत नाही. आणि दादावरचा माझा जुना राग गेलाय, असंही म्हणणार नाही.

मात्र कधीकधी धार काढताना, मान न वळवता, दादा विचारतो, "ही कितव्या वेताची रं?"

तोच हेल. मी समोर जाऊन आधी त्याचे डोळे बघतो. आज वार कोणता, विचारतो. तो वार बरोबर सांगतो.

विचारतोय ते त्याचं दुखरं डोकं की माझा भाऊ, हे मला ओळखता येत नाही. आयुष्यभर माणसं ओळखून पोट भरलं, आणि हे येत नाही.

"दुसऱ्या," मी म्हणतो.

तो बादलीकडे बघत जरा थांबतो. "बरं," म्हणतो, आणि पुन्हा धार काढू लागतो.