प्रतवारी शिकवणारे इंगवले सर

डॉ. दत्ताजीराव इंगवले सरांना मी प्रथम पाहिलं ते उचगावजवळच्या मटण प्रक्रिया केंद्रात. मी नवखी पशुवैद्यक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. थंड खोलीत टांगलेल्या कोकरांच्या धडांवरून सर अंगठा फिरवत होते. मान न वळवताच म्हणाले, “या मॅडम. आधी हात धुवा, मग बघायला शिकू.”

फरा म्हणजे मागची मांडी, पाठ आणि खांदा मांसाने किती भरलेत, ही अंगलट. फासळ्यांवर चरबीचा थर किती, ही दुसरी गोष्ट. दोन्ही वेगवेगळं पाहून मगच प्रत ठरवायची, कारण भाव प्रतीवरच ठरतो, हा सरांचा आग्रह. मला ते तोंडपाठ होतं, पण समजलं नव्हतं.

तिसऱ्याच आठवड्यात सीमेकडच्या गावातले मेंढपाळ बिराप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या कोकरांना मी दुसरी प्रत लावली होती आणि एका व्यापाऱ्याच्या मालाला पहिली.

“सायेब, डोंगर चढून वाढल्यात माझी कोकरं. दुसरी कशी वो? असंच असंल तर आमच्या गावातलं कोन बी हिकडं येनार न्हाय!”

सरांनी त्यांना पांढरा कोट घालून आत नेलं. माझा अंगठा व्यापाऱ्याच्या मालातल्या एका गुबगुबीत धडावर दाबला. चरबीच चरबी, खाली मांस बेताचं. मग बिराप्पांच्या कोकरावर दाबला. चरबीचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली घट्ट, भरलेलं मांस. मी चरबीच्या गोलाईला फसले होते.

“पावणं, चूक आमची हाय,” सर म्हणाले. “कागदावर सही माझी, म्हंजे चूक बी माझीच.”

मला राहवलं नाही. “नाही सर, प्रत मी लावली.”

बिराप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “तोंडानं म्हणालासा, लई झालं की, ताई.”

प्रती बदलल्या. तणतणत आलेल्या व्यापाऱ्यालाही सरांनी तसाच अंगठा दाबून पाहायला लावला. तेही नवी प्रत मान्य करून निघून गेले.

मी मात्र खचले होते. दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज घेऊनच गेले. सरांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, “आजची सगळी प्रतवारी तुम्ही करा. मी बाहेर चहा घेतो.” आणि खरोखरच ते बाहेर बसून राहिले, एकदाही डोकावले नाहीत. त्या दिवशी प्रत्येक धडापाशी मी दोनदा थांबले. अर्ज पुन्हा दिला नाही. बिराप्पांच्या गावाची कोकरं आजही आमच्याकडेच येतात.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निकोप प्रकृती लाभो, आणि आमचं चुकलं तर तोंडावर सांगायला ते शंभरीनंतरही आमच्यात असोत.