इस्सातच्या स्कूटरच्या स्प्रिंगा

इस्सातच्या स्नोस्कूटरवर दुसरं कुणी बसायला तयार नसे. बसलंच कुणी, तर उतरल्यावर आधी कंबर धरायचं आणि मग शिवी द्यायचं. पुढच्या दोन स्कींवरच्या स्प्रिंगा त्याने इतक्या आवळलेल्या, की बर्फातला बारकासा उंचवटाही थेट मणक्यात. उत्तर नॉर्वेतल्या आमच्या कौतोकेइनोच्या पठारावर दणके सगळ्यांनाच बसतात, पण याची गाडी म्हणजे कहर होता.

का रे बाबा असं, म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बर्फ काय म्हणतोय ते हँडलातून कळतं. गादीवर बसलं की झोप येते."

यात थाप नव्हती. आमची चार घरं एकत्र कळप राखतात आणि हिवाळ्यात कळपाच्या पुढे एकच जण जातो. तो थांबेल तिथे रेनडिअर चरणार. वरून बघाल तर सगळं सारखंच पांढरं. खाली बर्फ मोकळा असेल तर जनावर खुराने उकरून दगडफूल खातं. पण मध्येच कधी पाऊस पडून गोठला असेल, तर कडक थर बसतो आणि जनावर खूर आपटत उपाशी राहतं. असा थर खाली आला की हँडल बारीक थरथरतं. ते इस्सातच्या बोटांना कळायचं, म्हणून पुढे इस्सात. त्याची बायको रिस्तेन म्हणायची, माझं सोडून त्या हँडलाचं बरं ऐकू येतं तुला. पुढे ती वारली, मुलगा तेलाच्या जहाजावर नोकरीला गेला. इस्सातपाशी कळपाच्या पुढे जाणं तेवढं उरलं. तेही गेलं असतं तर तो नुसताच एक म्हातारा झाला असता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात पाठीने दगा दिला. स्कूटरवरून उतरला की तो वाकलेलाच राहायचा. मुलगी सुन्ना त्याच्याबरोबर कळपावर असायची. एका सकाळी ती पाना घेऊन गाडीपाशी आली.

"बाबा, आज स्प्रिंगा सैल करणार मी."

"हात लावलास तर याद राख."

"बरं. मग सगळ्यांना सांगते, रोज सकाळी तुझ्या पायात मोजे कोण चढवतं ते."

इस्सात गाडीपासून बाजूला सरकला. सुन्नाने गाडीचं नाक उचलून ओंडक्यावर टेकवलं, आट्यांमधला बर्फ खरवडला आणि स्प्रिंगेवरची रिंग पान्याने फिरवायला घेतली.

"दोन्हीकडे सारखी हं. नाहीतर एका अंगाला ओढेल."

"शिकव आता मला," सुन्ना म्हणाली. मग गाडी खाली घेऊन तिने पुढच्या भागावर जोर देऊन पाहिला. नाक हळूच खाली गेलं, हळूच वर आलं.

पुढच्या खेपेला इस्सात ताठ उतरला. कॉफीच्या वेळी पुतण्या नीलास म्हणाला, "काका, चेहरा खुललाय आज. लग्न ठरवलंत की काय?" इस्सातने त्याच्याकडे पाहिलंही नाही, पण खूश होता. मग त्याने एका उतारावर कळप थांबवला आणि जनावरं खूर आपटत राहिली. उतारभर थर होता. त्यात गाभण माद्या, सगळा दिवस उपाशी.

"घ्या," इस्सात म्हणाला. "करा मऊ अजून."

संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने रिंगा पहिल्यासारख्या आवळल्या. कण्हत होता, पण समाधानाने. दोष सापडला होता आणि तो त्याचा नव्हता.

पुढच्या वेळी कडक गाडीवरून तो बऱ्याच आत गेला. पाठीतून कळा येत होत्या. एका ओढ्याकाठी थांबून म्हणाला, "इथे. खाली मोकळं आहे."

सुन्ना उतरली. तिने थेट फावडं मारलं. खण् करून वाजलं. नीलास म्हणाला, "काका, ती स्प्रिंग—" आणि थांबला, कारण स्प्रिंग या वेळी कडक होती.

इस्सातने हातमोजा काढला. बोटं अर्ध्यापर्यंत पांढरी पडली होती. त्याने एक चिमटा काढला, मग जोरात काढला. काही कळलं नाही. जन्मभर त्या हँडलाची थरथर सोसून सोसून बोटंच बधिर झाली होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने सुन्नाला विचारलं.

"झाले दोन-तीन हिवाळे," सुन्ना म्हणाली. "तू थांबलास की मी मागे खणून बघायचे. चुकलेलं असलं तर कळप गुपचूप बाजूला सरकवायचे. यंदा थरच एवढा पसरलाय की सरकवायला जागा नाही."

"आणि मी स्प्रिंगांना दोष दिला तेव्हा?"

"देऊ दिला."

इस्सातला राग आला. तो पुरता येईपर्यंत लाज वाटली, आणि मग रागवायचं राहूनच गेलं. त्या संध्याकाळी त्याने पाना मागून घेतला आणि रिंगा सैल केल्या, दोन्हीकडे सारख्या.

सकाळी सगळ्यांच्या गाड्या सुरू होत्या. रोजच्यासारखे सगळे त्याच्या निघण्याची वाट बघत होते.

"सुन्ना पुढे जाईल," इस्सात म्हणाला.

सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या. निदान नीलासने तरी नको-नको म्हणायला हवं होतं, असं त्याला वाटलं. सुन्ना निघाली. मागे वळून तिने पाहिलं नाही, तेही त्याला लागलं. तो सगळ्यात शेवटी निघाला. पाठ जराही दुखत नव्हती.

भूर्जांच्या एका राईपाशी सुन्ना थांबली, तिने हात वर केला आणि कळप पांगला. इस्सात मागे उतरला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने फावडं काढलं. खणताना क्षणभर त्याला वाटलं, थर लागावा. असं वाटल्याचं त्याचं त्यालाच फार वाईट वाटलं.

फावडं सरळ दगडफुलापर्यंत गेलं.