द्वारकाबाईंचा अमेरिकेतला म्हातारा

वाटूरच्या फाट्यावर कुजबुज अशी होती की, वयाच्या बासष्टाव्या वर्षी द्वारकाबाईंनी अमेरिकेत एक म्हातारा गाठलाय. म्हातारा पेन्शनर आहे, बायको वारलेली आहे, दाढी पांढरीशुभ्र आहे. दाढीची बातमी चतुराबाईनं आणली. ती भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, तेव्हा तिला खोटं कोण म्हणणार?

आणि पुरावेही होतेच की. बाईंनी पासपोर्ट काढला. मुंबईला एक खेप मारून आल्या आणि येताना तोंड एवढंसं करून आल्या. रोज सकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालत फोनवर हळू बोलायचं, बोलता बोलता फोन तोंडापुढं धरायचा, खाली उतरायचं ते डोळे पुसतच. शिवाय ज्या बाईनं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवर कधी शब्द काढला नाही, ती आता अमेरिकेच्या राजकारणावर तावातावानं भांडत होती. प्रेमाशिवाय असं होतं का कधी?

द्वारकाबाई उपकेंद्रावरच्या रिटायर नर्सबाई. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. ही कुजबुज चघळणाऱ्या निम्म्या मंडळींना जन्मल्याबरोबर उलटं धरून पहिली चापट त्यांनीच मारलेली. जरा हलकी मारली, एवढंच चुकलं.

खरा घोर वेगळाच होता. लेक ज्योत्स्ना अमेरिकेत, तिला पाचवा महिना सरून सहावा लागलेला. याआधी दोनदा पोटातच गेलेलं. म्हणून सात महिने भरेपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही, असं माय-लेकींचं ठरलेलं. त्यात ज्योत्स्नाची नोकरी गेली. पोटुशी म्हणून काढलं असं कंपनी म्हणेना; माणसं कमी केली, म्हणे. नोकरीबरोबर दवाखान्याचा विमाही गेला. जावई तिथं शिकत होता, घर हिच्याच पगारावर. बाईंनी स्वतः जायचं ठरवलं, तर मुंबईला व्हिसा नाकारला. लेकीला बोलवावं, तर परत जायला नवी नोकरी अन् नवी परवानगी. सोमवारी बाई फोनवर म्हणायच्या, "ये निघून." मंगळवारी म्हणायच्या, "नको, थांब जरा." आणि गावात बोलायची बंदी. मग माणसानं भांडावं कशावर? अमेरिकेवर.

आखाडा म्हणजे सलीमभाईचं हॉटेल. समोर गिरिधरराव, रिटायर मास्तर. पार्थकडं, म्हणजे मुलाकडं, अमेरिकेत एक उन्हाळा काढून आले तेव्हापासून त्यांचं निम्मं बोलणं 'आमच्या तिकडं'नं सुरू होतं.

"आमच्या तिकडं फोन लावला की चहा गार व्हायच्या आत अँब्युलन्स दारात," मास्तर त्या दिवशी म्हणाले. "पार्थची आई पाय घसरून पडल्ती ना! इथं असती तर गाडीची वाट पाहू पाहूच गेली असती."

"अन् बिल, मास्तर?" सलीमभाईनं गाळणीआडून विचारलं. "तेबी चहा गार व्हायच्या आत आल्तं का?"

"बिल विमा भरतो. विमा नोकरीवाले देतात. बिलकुल बराबर पद्धत आहे."

द्वारकाबाई बाकावरून उठल्या, जालन्याच्या गाडीकडं उगाच पाहून आल्या, पुन्हा बसल्या. "अन् नोकरी गेली तर?"

"मंग दुसरी धरायची. तिथं बाई अन् गडी बराबर, सिस्टर. कायदाच आहे."

"बराबर म्हंजी कसं हो? गड्याएवढं काम करा, अन् गड्यासारखंच पोटबी राहू देऊ नका?"

हॉटेल हसलं. मास्तरांचे कान लाल झाले.

"फुकट दवाखाना दिला की माणसं आळशी होतात," ते म्हणाले.

"बाळंतीण आळशी? या की मास्तर, एकदा कळा देऊन पाहा. आमच्या उपकेंद्रात लाइट नसायची, बॅटरी धरून बाळंतपणं केली. पण दारात आलेल्या बाईला आधी विमा न्हाई विचारला."

"अहो, पण कमाईचा ठिकाणा न्हाई त्या बाईनं पोट वाढवावंच कशाला?"

बाई अशा उठल्या की ग्लास कलंडला. "माझी ज्योत्स्ना हाय ती!"

बोलल्या आणि तोंडावर हात गेला. सात महिने अजून भरायचे होते. सलीमभाईनं स्टो बंद केला. चहा तसाच टाकून बाई घरी गेल्या, आणि दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. जीभ घसरली, आता पोरीला काही झालं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. चपला न काढताच म्हणाले, "पार्थशी बोललो. पोरीला विमानात बसवून द्यायचं काम त्याचं. बोलवून घ्या."

"बोलवली तर तिकडचं सगळं सुटलं, मास्तर. पुन्हा मिळंल का न्हाई, कोण सांगावं."

"ते मला काय ठावं?" मास्तर खालीच पाहत होते. "काल मी जे बोललो..."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं मत तुमच्यापाशी. माझं बदलणार न्हाई."

"माझंबी न्हाई," मास्तर म्हणाले, आणि निघाले.

बाईंनी उभ्या उभ्याच फोन लावला. "ये. आता मी पुन्हा थांब म्हणणार न्हाई."

"आई, सगळं सोडून आल्यासारखं होईल गं."

"व्हऊ दे. तू ये."

ज्योत्स्ना सातव्या महिन्यात आली. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. जावई अजून तिकडंच आहे, हिला तिथं दुसरी नोकरी मिळालेली नाही, आणि बाई गच्चीवर अजून येरझाऱ्या घालतात. आता खांद्यावर नात असते.

राहता राहिला म्हातारा. चतुराबाईनं भिंतीवरून बाईंच्या फोनात पाहिलेली दाढी खरी होती. तो ज्योत्स्नाच्या शेजारी राहणारा एक रिटायर ड्रायव्हर. अँब्युलन्सचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून पोटात दुखलं की तो तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा. द्वारकाबाई त्याला फोनवर थँक्यू म्हणायच्या.