सेटिंगला हात न लावता

मंडळी, आज मी भयंकर खुशीत आहे!

विश्रांतवाडीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकच कॉम्प्युटर आहे. सेक्रेटरी देशमुखांनी त्यावर फोटोंच्या सगळ्या साइट बंद केल्या आणि वर पाटी चिकटवली: 'सेटिंगला हात लावू नये.' कारण काय, तर लोक भलतंसलतं बघतील! या वयात?

माझी मैत्रीण सुमन गायकवाड हिला कॅनडात नात झाली. फोटो अशाच एका साइटवर, सुमनकडे स्मार्टफोन नाही आणि माझ्या घरचे जिने तिला चढवत नाहीत, त्यामुळे तिने अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला नियम पाळायला शिकवलं, तसं ते नीट वाचायलाही शिकवलं. माझी पाककृतींची वेबसाइट आहे. तिच्यावर मी घरूनच वेब प्रॉक्सीचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चढवला. आता माझं पान उघडून चौकटीत हवा तो पत्ता टाकायचा, की माझी साइट ते पान आणून दाखवते. ब्राउझरमध्ये काहीच बदलावं लागत नाही. कुणीही घुसू नये म्हणून पासवर्डही ठेवला.

आज सकाळी नात पडद्यावर आली. "अगं बाई, नाक तर ह्यांचंच!" म्हणत सुमन रडायलाच लागली.

देशमुख धावत आले. "पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. सेटिंगला हात लावलेला दाखवा."

त्यांनी सगळं तपासलं. मग हळूच म्हणाले, "यात क्रिकेटच्या मॅचचे फोटो दिसतात का हो? पासवर्ड काय?"

पासवर्ड म्हणजे सुमनच्या नातीचं नाव. ते त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. तुम्ही असतात तर सांगितलं असतंत?