वरची धपधप

कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या बरोबर वरच्या घरात राहणारे काका रोज सकाळी सहाला मोबाइलमध्ये बघून उड्या मारतात. साठ दिवसांचा कोर्स आहे म्हणे. जिन्यात भेटले की नमस्काराऐवजी आकडा सांगतात, "आज एकोणचाळिसावा!" साठी उलटलेली, घरात एकटेच. धपधप सहन होईना, तेव्हा मीच वर जाऊन तक्रार केलेली.

परवा ते जिन्यात छाती चोळत बसलेले दिसले.

"काका, डॉक्टरांना दाखवा ना."

"गॅस आहे गं. एक दिवस चुकला की परत पहिल्यापासून!" मग हसून म्हणाले, "आणि तुझ्यासाठी खाली जुनी गादी अंथरलीय. आता त्रास नाही व्हायचा."

तेव्हापासून रोज सहाला मी छताकडे कान लावून बसते. काहीच ऐकू येत नाही.